दुसऱ्या कंपनीचा ताप

अर्धी पुडी पुऱ्या पुडीपेक्षा गुणकारी ठरली होती आणि सर्जन हॉलिस साहेब त्यामुळे खूश होते. खूश नव्हता तो एकटा त्र्यंबक. गंमत अशी की आकडे त्याचेच होते.

अठराशे शहाऐंशी सालच्या पौषातली ही गोष्ट. कल्याण स्टेशनापासून मैलभरावर, उल्हास नदीच्या बाजूला, भातखाचरांमधल्या एका उंचवट्यावर देशी पलटणीची छावणी होती. आदल्या वैशाखात पलटण पुण्याहून इथे आली आणि पहिल्याच पावसाळ्यात हिवतापाने तिचं कंबरडं मोडलं. भाद्रपदात साहेबांनी मनावर घेतलं. कोयनेल आजारी माणसाला आपण देतोच, पण धडधाकट माणसाला ते रोज दिलं तर ताप मुळात येतो का, हे एकदा नीट पाहावं. त्यांनी तीन कंपन्या निवडल्या, प्रत्येकीत नव्वद माणसं. पहिल्या कंपनीला रोज सकाळी पाच ग्रेन कोयनेलची पुरी पुडी, दुसरीला अर्धी, तिसरीला काहीच नाही. कोणत्या कंपनीतले किती जण तापाने इस्पितळात येतात ते रोज टिपायचं. टिपायला माणूस हवा होता, म्हणून मुंबईच्या विद्यापीठाची विज्ञानाची पदवी घेऊन नुकत्याच बाहेर पडलेल्या, ठाण्यात नौपाड्याला घर असलेल्या त्र्यंबक आगाशेची सहा महिन्यांसाठी नेमणूक झाली.

‘एवढं शिकून शिपायांचे ताप मोजतोस?’ असं त्याचे वडील हरिहरपंत दर रविवारी न चुकता म्हणत. त्र्यंबकला त्याचं वाईट वाटत नसे. त्याला मोजायला मनापासून आवडे. नुसतं ‘फार’ किंवा ‘थोडं’ म्हणणाऱ्या माणसाला तो लगेच ‘म्हणजे किती?’ असं विचारी, आणि त्यामुळे त्याला फारसे मित्रही नव्हते.

अठरा आठवड्यांनी बेरजा झाल्या. औषध न घेणाऱ्या तिसऱ्या कंपनीत तापाच्या एक्क्याण्णव नोंदी. पुरी पुडी घेणाऱ्या पहिलीत पंचेचाळीस. आणि अर्धी पुडी घेणाऱ्या दुसरीत फक्त अडतीस.

“झालं तर,” साहेब म्हणाले. “निम्म्या औषधात जास्त गुण. मुंबईच्या सरकारला असं काही ऐकायला फार आवडतं.”

“पण साहेब, असं होईल कसं?”

“जास्त कोयनेलने पोट बिघडतं, पोट बिघडलं की माणूस अशक्त होतो, अशक्ताला ताप येतो. आगाशे, आकडे तुम्ही जमवलेत. आता तुम्हीच त्यांच्याशी भांडू नका.”

उत्तर सुबक होतं आणि तेच त्र्यंबकला खुपलं. चैत्रात ही पलटण ब्रह्मदेशात जाणार होती. तिकडच्या रानात गोळीपेक्षा तापानेच जास्त माणसं मरतात, हे आता बाजारात भाजीवालीलाही ठाऊक झालं होतं. जहाजावर कोयनेल किती चढवायचं, माणशी पुरी पुडी की अर्धी, हे याच अहवालावर ठरायचं होतं. अहवाल शनिवारच्या टपालाने निघणार होता. आज मंगळवार होता.

त्याने पुन्हा वही काढली. आतापर्यंत त्याने अठरा आठवड्यांची एकच बेरीज केली होती. आता त्याने एकेक आठवडा सुटा करून मांडला. पहिली कंपनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत आठवड्याला दोन-तीनच्या आसपास. तिसरी पाच-सहाच्या आसपास. दुसरी मात्र पहिले सहा आठवडे चार-पाचवर होती आणि सातव्या आठवड्यात एकदम खाली आली ती तिथेच राहिली. पहिल्या सहा आठवड्यांत सत्तावीस, नंतरच्या बारा आठवड्यांत मिळून अकरा.

औषध अंगात भिनायला सहा आठवडे लागत असतील? मग पुरी पुडी घेणाऱ्यांत ते भिनलेलं का दिसत नाही? त्याने सातव्या आठवड्याचं पान उलटून पाहिलं. समासात त्याच्याच अक्षरात टीप होती: ‘आजपासून फळा लावला.’

त्या फळ्याचा त्र्यंबकला अभिमान होता. शिपाई कडू पुडी तोंडात धरत आणि वळणावर जाऊन थुंकत. तेव्हा त्यानेच साहेबांना सुचवलं होतं की तिन्ही कंपन्यांचे आकडे दर सोमवारी इस्पितळाबाहेर फळ्यावर लिहावेत, म्हणजे औषधाचा गुण शिपायांना डोळ्यांनी दिसेल. फळा लागला. येता-जाता कर्नल साहेबांनी तो पाहिला आणि त्यांना तो इतका आवडला की त्यांनी जाहीर करून टाकलं, ज्या कंपनीत सर्वांत कमी ताप, ती आख्खी कंपनी शिमग्याला पंधरा दिवस रजेवर. बाकीच्यांना रजा नाही. त्या दिवशी त्र्यंबकने ठाण्याला घरी ही बातमी पेढे दिल्यासारखी सांगितली होती.

तो इस्पितळाच्या ओसरीवर आला. धोंडीबा, इस्पितळाचा जुना नोकर, चादरी झटकत होता.

“धोंडीबा, दुसऱ्या कंपनीचे लोक हल्ली कमी येतात, नाही?”

“कमी? येतच नाहीत म्हणा की.”

“बरे राहतात म्हणून?”

धोंडीबाने चादर नीट घडी करून ठेवली आणि मगच तोंड उघडलं. “तळ्याच्या वाटेवर सखूबाई बसते. तिला विचारा. मी नोकरमाणूस, मला कशाला विचारता?”

सखूबाई खाडीकडच्या आगरी वाडीतली. जांभळाखाली तीन दगडांची चूल मांडून ती बसलेली असे. मडक्यात काडेचिराइताचा काढा उकळत होता आणि त्याच्या वाफेनेही जीभ कडू होत होती.

“काढा कोण पितं गं हा?”

“ज्याला ताप येतो तो.” तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुला नाय आलेला. तू नुसता वाळलायस.”

“शिपाई येतात का?”

“येतान ना. रोज येतान. कांबळं पांघरून येतान, दात वाजत असतान. म्हटलं, अरे, तिकडं सरकारी दवा फुकट हाय ना, मग मना कशाला तरास? तर म्हणतान, आयो, तिकडं गेलो तर फळ्यावर जाऊ.”

“कोणत्या कंपनीचे?”

“मना काय ठावं कंपनी-बिंपनी? त्या मोठ्या मिशांच्या हवालदाराचे. सकाळपासून नऊ झाले. काल अकरा व्हते.” ती हसली. “तू मोजतोस ना रे ताप? मंग इथं येऊन बस माझ्याजवळ. तुझं काम लवकर व्हईल.”

त्र्यंबकला हसू आलं नाही. तो तिथेच वाटेच्या कडेला उभा राहिला. एका दिवसात नऊ. त्याच्या वहीत दुसऱ्या कंपनीचे बारा आठवड्यांत अकरा होते.

मोठ्या मिशांचा हवालदार म्हणजे महिपत दळवी. चिपळूणकडचा, वीस वर्षं नोकरी झालेला, दुसऱ्या कंपनीचा खरा मालक तोच. त्र्यंबक बराकीत पोहोचला तेव्हा तो बाहेर उन्हात बसून पट्ट्याला तेल लावत होता.

“या पंत! आज आकडे आमच्या दारात येऊन मोजणार?”

“हवालदार, मी सखूबाईकडून येतोय.”

महिपतचा हात थांबला, पण चेहरा नाही हलला. “मग? तुमाला बायको नाय, लेकरू नाय, तुमी कुठूनही या.”

“तुमची माणसं ताप लपवतात.”

“ताप काय सोनं हाय लपवायला? येतो नि जातो. कोकणातल्या माणसाला हिवतापाचं काय कौतिक!”

“किती जणांना येतो?”

“फळ्यावर बगा.”

“महिपतराव, फळ्यावर खोटं आहे.”

आता मात्र त्याने पट्टा बाजूला ठेवला. “फळा कोणी लावला, पंत?”

“मीच,” त्र्यंबक म्हणाला.

“आमी नाय लावला. तीन वर्षं माझ्या पोरांनी शिमगा बगितलेला नाय. गावात पालखी नाचते नि आमी इथं कवाईत करतो. आता चैत्रात समुद्रापार जायचं. नव्वदातले किती परत येतील, सांगता? तुमी मोजणारे ना? सांगा.” तो थांबला. “मी पोरांना शब्द दिलाय. एकदा घरी नेऊन आणीन, मग हवं तिकडं मरू. चार दिवस कांबळं पांघरून पडायचं नि कवाईतीला उभं राहायचं, यात वाईट काय केलं?”

“वाईट एवढंच की तुमच्या अकरांमुळे अर्धी पुडी जिंकली. ब्रह्मदेशात सगळ्या पलटणीला आता अर्धीच मिळणार.”

“मग लिहा पुरी. लेखणी तुमच्या हातात हाय.”

“आधार लागतो लिहायला. मला वाटतं म्हणून लिहिलं तर ते फळ्यासारखंच होईल.”

महिपत उठला. त्याला ही बाब संपवायची होती हे दिसत होतं. पण तेवढ्यात मागच्या खोलीतून खाटेची करकर ऐकू आली, नुसती एकसारखी करकर, आणि त्र्यंबक त्याला ओलांडून आत गेला. दोन कांबळ्यांखाली रघु होता. विशीतला पोरगा, सगळ्या कंपनीत नेमबाजीत पहिला. खाट त्याच्या हुडहुडीने हलत होती.

“कितवा ताप हा?”

“मोजले नाय,” महिपत दारातून म्हणाला.

त्र्यंबकने कांबळं थोडं सारलं, हात चोळून गरम केला आणि डाव्या बरगडीखाली चार बोटं टेकवली. पहिल्याच महिन्यात साहेबांनी त्याला हे शिकवलं होतं. धडधाकट माणसाची पांथरी, म्हणजे प्लीहा, बरगडीच्या आत असते, हाताला लागत नाही. वरचेवर हिवताप आला की ती सुजते, कठीण होते आणि बरगडीखालून बाहेर येते. माणूस ताप लपवू शकतो, पांथरी लपवू शकत नाही.

“हवालदार, इकडे या. हात द्या.”

“मी कशाला?”

“द्या तर खरा.”

त्याने महिपतची जाड बोटं धरून त्याच जागी ठेवली. “रघु, श्वास घे. खोल.”

रघुने श्वास घेतला आणि महिपतने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मग स्वतःहून पुन्हा ठेवला.

“हे काय हाय?” त्याचा आवाज खाली आला होता. “दगडासारखं.”

“तीन महिन्यांचे ताप. फळ्यावर न गेलेले.”

“फुटतं का हे?”

“मोठं झालं तर मार लागून फुटू शकतं. घोड्याची लाथ, बंदुकीचा दस्ता, नुसतं पडणंसुद्धा.”

महिपत खाटेच्या काठावर बसला. रघु त्र्यंबकला म्हणाला, “दादा, माझं नाव लिवू नका. सोमवारपर्यंत उतरतो ताप.” त्यावर महिपतने त्याला एक कोकणी शिवी हासडली, पण अगदी हळू, जशी आई देते तशी.

“सगळ्यांचं बगणार तुमी?” त्याने विचारलं.

“तिन्ही कंपन्यांचं. नाहीतर ताडून कशाशी पाहणार?”

“मग रजा गेली.”

“मी कुणाचं नाव घालणार नाही. पण रजेचं मला सांगता येत नाही.”

“तुमाला बरंच काय काय सांगता येत नाय, पंत,” महिपत म्हणाला. मग बाहेर जाऊन त्याने कंपनीला हाक दिली.

बुधवार आणि गुरुवारचा अर्धा दिवस त्यात गेला. ओसरीत सहा खाटा, शिपाई एकेक करून आडवे होत, त्र्यंबक हात लावी, धोंडीबा रेघा ओढी. पहिल्या कंपनीत गुदगुल्या होतात म्हणून हसाहशी झाली. दुसरीत कुणी हसलं नाही. पुरी पुडी घेणाऱ्या पहिलीत बारा जणांची पांथरी हाताला लागली. काहीच न घेणाऱ्या तिसरीत चौतीस जणांची. आणि फळ्यावर जिंकलेल्या दुसरीत एकोणतीस जणांची.

म्हणजे अर्धी पुडी घेणं आणि काहीच न घेणं यांत फारसा फरक नव्हता. त्र्यंबकला आनंद व्हायला हवा होता. पण आता त्याला स्वतःच्या कामातली भोकं एकेक दिसू लागली. औषध सुरू करायच्या आधी पांथऱ्या तपासायला हव्या होत्या, त्या तपासल्या नव्हत्या. तिन्ही कंपन्या पुण्याहून एकाच दिवशी आल्या, म्हणून साधारण सारख्याच असतील, एवढाच आधार. पहिल्या कंपनीनेही थोडाफार ताप लपवला नसेल कशावरून? त्याने हे सगळं लिहिलं. मग अहवालाचं पहिलं पान काढून टाकलं आणि नवीन लिहायला घेतलं. ‘सातव्या आठवड्यापासून तापाच्या नोंदींवर विसंबू नये. त्या आठवड्यात माझ्या सूचनेवरून कंपन्यांचे आकडे जाहीर लावण्यास सुरुवात झाली, आणि...’

‘आणि’ नंतर लेखणी थांबली. पुढचं वाक्य कर्नल साहेबांच्या बक्षिसाचं होतं. रात्री उशिरा त्याने तेही लिहिलं.

शुक्रवारी सकाळी हॉलिस साहेबांनी ते पान दोनदा वाचलं.

“अर्ध्या पुडीबद्दल मी मुंबईला खासगी पत्र आधीच लिहिलंय, ठाऊक आहे?”

“नाही, साहेब.”

“आता मला दुसरं लिहावं लागेल, की मी गाढव होतो.” ते खिडकीशी गेले. बाहेर फळा दिसत होता. “आख्खा मोसम फुकट गेला म्हणायचा.”

“फुकट नाही, साहेब. पहिल्या सहा आठवड्यांचे आकडे फळ्याआधीचे आहेत. पुरी पुडी चौदा, अर्धी सत्तावीस, काही नाही तेहेतीस. पांथऱ्यांचाही तोच क्रम. दोन वेगळ्या वाटांनी गेलो तरी एकाच ठिकाणी पोहोचतो.”

साहेबांनी मान हलवली. त्यांना हे पटलं होतं. पटलेली गोष्ट ते नाकारत नसत, एवढं त्र्यंबक त्यांच्याबद्दल जाणून होता. “पण बक्षिसाचं वाक्य जाणार नाही. कर्नलचं नाव माझ्या अहवालात येणार नाही.”

“बक्षीस काढलं तर वाचणाऱ्याला कळणार नाही की आकडे का पडले. उद्या दुसऱ्या छावणीत कुणी असाच फळा लावील.”

“मग असं लिहा की कुणाचं नाव न घेता कळेल.”

त्र्यंबक तासभर बसला. शेवटी त्याने लिहिलं: ‘...आणि आकडा कमी दिसण्यात कंपनीचा लाभ होता. अशा स्थितीत आकडा कमी होतो, ताप कमी होतोच असे नाही. ही चूक शिपायांची नसून मोजण्याच्या रीतीची, म्हणजे प्रस्तुत लेखकाची आहे.’ वाक्य खरं होतं. पुरतं होतं की नाही, याची त्याला खात्री नव्हती. साहेबांनी खाली सही केली. ‘या माणसाची मुदत वाढवावी’ अशी शिफारस त्यांनी आधी शेवटच्या पानावर लिहून ठेवली होती, ते पान मात्र त्यांनी पुन्हा लिहिलं, आणि त्यात ती ओळ आली नाही. त्र्यंबकने ते पाहिलं. अहवाल शनिवारी गेला.

तपासणीची बातमी कर्नल साहेबांपर्यंत जायला अहवालाची गरज नव्हती. शनिवारी संध्याकाळी हुकूम निघाला. शिमग्याची रजा पहिल्या कंपनीला. दुसऱ्या कंपनीतून एकही माणूस जाणार नाही. फळा रविवारी उतरवला गेला.

त्र्यंबक त्या रविवारी ठाण्याला गेला नाही. महिपतला भेटावं म्हणून दोनदा बराकीच्या वाटेला लागला आणि दोनदा परतला. भेटून सांगायचं काय? मी नाव घातलं नाही, हे? तेवढं तर महिपतला माहीत होतं, आणि तेवढ्याने कुणी चिपळूणला पोहोचत नव्हतं.

सोमवारी सकाळी तो इस्पितळात आला तेव्हा ओसरीपुढे रांग होती. दुसऱ्या कंपनीची. सगळ्यांत पुढे रघु, कांबळं पांघरून, दोघांच्या आधाराने. त्याच्यामागे ज्यांची नावं चार महिन्यांत वहीत एकदाही आली नव्हती अशी माणसं. कुणी त्याच्याकडे पाहत नव्हतं. एकाने जाता जाता पायाशी थुंकल्यासारखं केलं. त्र्यंबकने नावं लिहायला सुरुवात केली. धोंडीबा आत खाटा वाढवत होता आणि पुटपुटत होता की चादरी पुरणार नाहीत.

अठरा नावं झाली. त्याने रेघ ओढली.

“रेघ कशाला ओढता? मी राहिलोय ना.”

महिपत होता. डोळे लाल, ओठ कोरडे, मिशा मात्र पिळलेल्या. बुधवारी कंपनी आडवी होत असताना तो बाजूला उभा राहून एकेकाला पुढे ढकलत होता. त्याला कुणी झोपायला सांगितलं नव्हतं आणि तोही झोपला नव्हता.

“तुम्हाला कधीपासून येतोय?”

“दिवाळीपासून. पोरांना सांगायचं ‘लपवा’ नि आपण येऊन इथं झोपायचं? कसं दिसलं असतं ते?” तो खाटेवर बसला, मग सावकाश आडवा झाला आणि स्वतःच सदरा वर केला. “पोरं माझ्याशी बोलत नाहीत, पंत. पण पुडी गिळतात. मी आज समोर उभा राहून गिळायला लावली. पुरी पुडी. साहेबांनी आजपासून पुरी केलीय.”

त्र्यंबकने हात चोळले आणि बोटं बरगडीखाली ठेवली. “श्वास घ्या.”

महिपतने श्वास घेतला. ती होती. रघुच्याइतकीच मोठी, वयाने अधिक कठीण.

“हाय का?”

“आहे.”

“मग तुमचा आकडा चुकला.”

“हो. एकोणतीस नाही, तीस.”

“कागद तर गेला मुंबईला.”

“दुसरं पत्र पाठवीन.”

“एका पांथरीसाठी?” महिपत हसला. हसताना दुखलं असावं, कारण त्याने कुशीवर हात धरला. “एकाने काय फरक पडतो तुमच्या अहवालात?”

“काहीच नाही,” त्र्यंबक म्हणाला. त्याने ओढलेली रेघ खोडली आणि तिच्याखाली एकोणिसावं नाव लिहिलं: महिपत दळवी, हवालदार, दुसरी कंपनी, ताप. मग धोंडीबाला हाक मारून आणखी एक कांबळं मागितलं.